शून्याला शेपटी

नारिनच्या दूध-केंद्रावर
तीन दिवस बुरुलशेजारी बसलो, प्रश्नावली घेऊन.
लिटर? फॅट? भाव, तारीख, सही?
"सगळं हवं. लिही," म्हणाली
आणि कॅन उचलायला गेली.

बिश्केकला फोन केला: झालं, साधंच काम आहे.

तिसऱ्या पहाटे, उणे अठरा,
दारामागच्या फळीवर खडूच्या खुणा दिसल्या.
एका नावापुढे शून्य, शून्याला शेपटी.
"हे काय?"
"काही नाही. तुझ्या कामाचं नाही ते."

मग दुपारी कॅन विसळताना, पाठमोरीच:
"तोक्तोसून म्हातारा एकटा असतो, पुलापलीकडे.
दूध आलं नाही, की शून्य.
दुसऱ्या दिवशीही नाही, की त्याला शेपटी,
आणि मी घोड्यावर. जाऊन दार वाजवते."

आलेलं दूध मोजायचं यंत्र
आखत बसलो होतो मी.
तिला न आलेलं मोजायचं होतं.
मी विचारलं नाही
म्हणून तिनं सांगितलं नाही, इतकंच.

परतीच्या मिनीबसमध्ये वही उघडली,
कोऱ्या पानावर एक शून्य काढलं.
शेपटी डावीकडे की उजवीकडे,
ते विचारायचं राहिलंच.