पाचात तीन

कायानीत रात्रीचे अडीच. बाहेर उणे एकतीस.
औलिक्कीच्या थर्मासमध्ये घोटभर कॉफी उरलेली,
आणि पाचातल्या एका यंत्राने बोलणं थांबवलं.

मुख्य होतं तेच.
क्षणाक्षणाला म्हणायचं, आहे. आहे. आहे.
आता नाही.

उरलेली चार थांबली.
प्रत्येकाचं थांबणं मुद्दाम वेगळ्या मापाचं,
नाहीतर सगळीच एकदम उठतील
आणि मतं फुटतील.

दोन नंबरचा धीर आधी सुटला :
पर्व अठरावं. मी उभं आहे.
एक होय. आणखी एक. स्वतःचं धरून तीन.
पाचात तीन पुरतात.
गुलाल नाही, काही नाही.
नवा आवाज : आहे. आहे.

औलिक्कीने निसटलेली केबल खोचली.
जुनं जागं झालं, जुन्याच तोऱ्यात : आहे!
शेजारी म्हणालं, अठरावं चालू आहे.
त्याच्या वहीत सतरावं.
मग त्याने एवढंच विचारलं,
नव्याचा पत्ता काय?

याच आवारात कागदाची गिरणी होती.
ती बंद झाल्यावरही आयमो, तिचे वडील,
पहाटे पाचला बूट चढवून दारात उभे राहायचे,
हिवाळाभर.
पर्व बदललंय, हे त्यांना
घरातलं कुणी
सांगितलंच नाही.