दर दोन तासांनी

कॅम्पातल्या एका सुभेदारांची बदली झाली,
त्यांच्या सामानात न मावलेलं हे पिल्लू
माझ्या धाकट्यानं सायकलला खोकं बांधून
थेट वडगावात आणलं.
बॅसेट हाउंड, म्हणाला.
मला काय कळणार होतं!
मी पाहिले ते कान,
एका ब्लाउजचं अस्तर निघेल एवढे.
पायांच्या वेळी मात्र कापड संपलं असावं.

नाव पडलं लोंब्या.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दर दोन तासांनी खाली न्या.
खाल्ल्यावर, उठल्यावर, खेळता खेळता थांबला की लगेच.
मारू नका. नाक घासू नका त्यात.
आणि जिना चढू-उतरू देऊ नका,
पाठ लांब आहे याची, मणका जाईल.
आम्ही राहतो माडीवर. सतरा पायऱ्या.

तर मी मशीनवरून उठते, दोरा दातानं तोडते,
हे ओलं पीठ छातीशी धरून उतरते
गटाराकडेच्या शेवग्याखाली.
तिथं तो हुंगतो.
एक दगड. मग त्याच दगडाची दुसरी बाजू.
शेजारच्या मागांची खटखट थांबते, लाईट गेलेली असते,
लाईट येते, खटखट सुरू होते,
हा अजून दगडावरच.
शेवटी मी हरते, वर आणते,
आणि उंबऱ्याच्या आत, पहिल्याच फरशीवर,
माझ्या डोळ्यांत बघत, अगदी सावकाश...

आमची रद्दी आठवड्यात संपली.
खालच्या नीलव्वानं तिच्याकडची दिली.
आमच्या पेपरातली अक्षरं दांडीवर वाळत घातलेली,
तिच्यातली गोल गोल, वाटाण्यासारखी.
लोंब्या पेपरच्या बरोबर बाजूला बसतो.

मामंजींच्या ऑपरेशनला पाच महिने झाले.
रात्री तीनदा उठतात, भिंत धरून जातात.
कधी पोचतात.
पहाटे दोरीवर पिळलेला लेंगा दिसतो,
मी बघितलं नाही असं करते,
आणि मी तसं करते हे
त्यांनी बघितलेलं नसतं.

परवा तीनला जाग आली. खोकं रिकामं.
जिन्याचं दार उघडं.
वरूनच वाकून पाहिलं तर शेवग्याखाली मामंजी,
स्वेटर उलटा, पायाशी लोंब्या.
सतरा पायऱ्या कशा उतरले असतील याला घेऊन?
बसत बसत, एकेक.
लेंग्याला मागं चुन्याचा पट्टा होता.

चाळीस वर्षं कन्नड मालकाच्या मागावर काढली त्यांनी,
रागावणं, गोंजारणं, सगळं त्याच भाषेत येतं.
"माडु, मरी, माडु,"
म्हणत होते हळू,
आणि स्वतः भिंतीकडे वळून उभे राहिले.
मी मान आत घेतली.
नंतर पायरीपायरीनं श्वास वर येताना ऐकला,
चादर डोक्यावर ओढली.

सकाळी फरशी कोरडी. दोरी रिकामी.

गुरुवारी मात्र लोंब्यानं
लग्नाच्या ऑर्डरचा मोतिया ब्लाउज भिजवला,
हातशिलाई झालेला, हुकांसकट.
मी ओरडले. तो कानांवरच पाय देऊन पडला.
"त्याला कशाला बोलूलीस," मामंजी आतून,
"दुपारी मीच डोळा लावला न्हवं."
चारशे रुपयांचं कापड गेलं ते गेलंच.

आता रात्री तीनला
लोंब्या त्यांच्या खाटेशी जाऊन उभा राहतो,
एक कान त्यांच्या पावलावर पडतो, थंड, ओला.
काल चहाच्या वेळी म्हणाले,
"कुत्र्यासाठी उठायला लागतंय बघ.
झोप मोडतंय खरं, काय करतीस."
मी म्हटलं, तुम्ही उठता म्हणून बरं आहे मामंजी,
मला जागच येत नाही.

जिन्यापाशी खिळ्याला बॅटरी अडकवली आहे.
कुणी अडकवली, त्यांनी विचारलं नाही.