सहज सुचण्याजोगं

दावा क्रमांक सात:
स्टिअरिंग जितकं वळेल
तितकी पडद्यावरची पिवळी रेघ वळेल
आणि चालकाला कळेल गाडीचं ढुंगण कुठं जाणार.
शेवटचे शब्द माझे. अर्जात
‘मागील भागाचा संभाव्य मार्ग’ असं आहे.

धरमपेठेत पहिल्या मजल्यावर
कूलरच्या घरघरीत मी विरोध लिहितोय:
कॅमेरा आधीच होता. रेघ होती.
चाकाचा कोन मोजणारा सेन्सरही होता.
एकाशेजारी एक ठेवायला
डोकं नाही, टेबल लागतं.

कायद्यात एक माणूस राहतो,
‘त्या विद्येतली कुशल व्यक्ती’.
जगातला प्रत्येक कागद त्यानं वाचलेला असतो,
जपानीसुद्धा,
आणि स्वतःहून त्याला काही म्हणजे काही सुचत नाही.
त्याला घाम येत नाही. जेवणानंतर डुलकी लागत नाही.
त्याला जे सहज दिसेल
तो शोध नव्हे.

मंगळवारी वाडीला गेलो, गोदामांकडे,
तो खरंच कुठं भेटतो का बघायला.

झिबल बारापात्रे, एकतीस वर्षं क्लीनर.
फ्रिजच्या खोक्यांनी भरलेला ट्रेलर
दोन भिंतींमध्ये घालत होता, नुसत्या तळहातानं.
पत्र्यावर दोन थापा: येऊ दे.
एक: थांब.
आरशात दिसतील अशी बोटं
हळूहळू मिटत आणली, की तेवढीच जागा उरली.

त्याला मोबाइलवर रेघ दाखवली.
चष्मा कपाळावर सारून बराच वेळ पाहिली.
“हे तं मी रोज पायतो.”
मी पेनाचं टोपण काढलं. कुठं?
“डोस्क्यात. मांगचं चाक कुठून जाते थे.
पन पिवळी नसते.”

मग ती पडद्यावर आणावी
असं तुम्हाला कधी का नाही सुचलं?

त्यानं खांद्यावरचा दुपट्टा झटकला.
“मले कायले सुचन, सायेब?
रेघ पडद्यावर गेली
तं मी कुठी जाऊ?”

हे कुठल्या परिच्छेदात बसवू?
त्यानं रेघ पाहिली होती, हे आमच्या बाजूचं.
त्याला ती तिथं नको होती, हे त्यांच्या.
समोरच्या वकील डहाकेबाई म्हणतील,
निकाल हातात आल्यावर सगळंच उघड वाटतं,
आणि त्यांचं चूक नाही.
आमचा अशील तोच कॅमेरा
अडीच हजारांनी स्वस्त विकतो.
झिबलचं नाव दोन्ही फायलींत नाही.

निघालो तेव्हा तो सवयीनं माझ्या गाडीमागं आला.
मी नको म्हणालो. काच बंद होती.
रिव्हर्स टाकला. पडदा उजळला:
दोन वाकत्या रेघांच्या मधोमध
झिबल, लाल पट्टीवर पाय,
हात हलवतोय, येऊ द्या, येऊ द्या,
आणि गाडी एकसारखी किंचाळतेय
मागे अडथळा आहे.