गळती

शुक्रवार. सगळ्या निझव्याला सुट्टी, मला नाही.
बॅगेत प्रवाहमापक, मोजपट्टी,
ताशी चार लिटरचे ड्रिपर, नमुन्यादाखल बारा.
डोंगराने पाय पसरलेत तिथे ही बाग.
दारावर पितळी पाटी:
रय्या बिन्त खलफान हिने एकटीने योजलेली,
दीडशे वर्षांपूर्वी.

एकटीने?
जळगावला आमचे बाबा म्हणायचे,
विहिरीवर नाव मालकाचं असतं रे,
गाळ काढणाऱ्याचं कुठे लिहितात?

मुफिझुल चट्टग्रामचा. बावीस वर्षं ह्या पाटाच्या काठाने वाकलेला.
त्याच्या हिंदीत अरबी, माझ्या हिंदीत खानदेश,
पण पाण्याला दोघंही पाणीच म्हणालो
आणि मग सोपं झालं.

त्याने आधी झाडं दाखवलीच नाहीत.
एक काठी दाखवली, जमिनीत रोवलेली,
आणि तिची सावली मोजणारे दगड.
एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत अर्धा तास,
तेवढं पाणी तुझं. मग सावली शेजाऱ्याची.
रात्री तारे बघायचे. हल्ली मोबाईल बघतात.

रय्याने पायातले चांदीचे वाळे विकले
आणि अकरा वाट्यांचं पाणी घेतलं.
जमीन नव्हतीच अजून!
गाव हसलं म्हणे:
बाई, ओतणार कुठे? ओंजळीत?
दोन वर्षं तिने आपली पाळी लोकांच्या खजुरांना दिली
आणि नुसती बघत बसली
पाणी कुठे रेंगाळतं, कुठे घाई करतं.
मग तेवढीच जमीन मागितली.

म्हणून ही भिंत वाकडी.
म्हणून डाळिंबं खाली, खजूर वर,
आणि मध्ये एक पायरी, जिच्यावर बसलं
की पाणी कानाच्या पातळीला येतं.
मी बसलो. चार मिनिटं.
कामाच्या वेळेत धरली नाहीत.

मग मोजायला लागलो.
वरच्या तोंडाशी सेकंदाला अठरा लिटर.
खालच्या हौदाशी बारा.
चाळीस पावलांच्या एका पट्ट्यात पाटाला अस्तरच नाही,
नुसती माती. सहा लिटर तिथेच गडप.
मी लिहिलं: अस्तर तातडीने करावे.
लिहिताना बरं वाटलं, खोटं कशाला बोलू,
चूक सापडली की आमच्या धंद्यात बरं वाटतं.

मुफिझुल काही बोलला नाही.
भिंतीला वळसा घालून मला पलीकडे नेलं.

पलीकडे बाग नव्हती. रस्ता होता, पिकअप होते, धूळ होती,
आणि भिंतीलगत चाळीस पावलं हिरवं.
एक बोरीचं झाड, आपल्या बोरीहून थोराड.
दोन लिंबं. कुणाच्या तरी शेळ्या.
टँकरचा एक पठाण ड्रायव्हर
सावलीत चप्पल उशाला घेऊन गाढ झोपलेला.
ही जमीन तिची नव्हती. कधीच नव्हती.
भिंतीला इकडून दार नाही.

जुने लोक सांगतात, मुफिझुल म्हणाला,
तिने गवंड्याला बजावलं होतं,
इथे चुना लावायचा नाही.

किंवा त्या गवंड्याचा चुना संपला असेल,
मी म्हणालो.

असेल, तो म्हणाला. पण दर हिवाळ्यात पाट लिंपतात.
दीडशे हिवाळे. कुणाचाच चुना इथे पुरला नाही.

आणि तू? बावीस वर्षांत तू का नाही लिंपलंस?

साहेब, मला कुणी सांगितलं नाही.
लिंप म्हणूनही नाही, लिंपू नको म्हणूनही नाही.

सावली दगडावर चढली. तो पळत गेला,
चिंध्या गुंडाळलेला एक धोंडा उचलून दुसरीकडे टाकला
आणि पाणी, नवीन मालकाचं नाव कळल्यासारखं,
डावीकडे वळलं.

फॉर्मवर रकाने तीनच: आवक, जावक, तोटा.
सहा लिटर मी तोट्यातच लिहिले.
दुसरीकडे लिहायला जागाच नव्हती.
मुफिझुलने तोडून दिलेलं लिंबू
मी कागदावरच कापलं, मीठ नव्हतं, तसंच चोखलं.
पान उलटलं तर पाठीमागे
रस झिरपून आलेला,
'तातडीने'च्या बरोबर खाली,
आणि अजून पसरत होता.