सुरामीच्या घाटातलं वळण

बाहेरच्या रुळाची आतली कड
आठ मिलिमीटर गेली.
बोंदो पेन्सिल जिभेवर ओली करून आकडा लिहितो.
गेलेलं पोलाद कुठे गेलं
त्याला वहीत रकाना नाही.

खडीवर तांबूस भुकटी आहे.
त्याच्या बुटांत आहे, नाकात आहे,
इझोल्दाने वाळत घातलेल्या चादरींवर आहे.
हमरस्त्यावर ती विकते त्या गोड नाझुकीवर मात्र नाही,
असं ती शपथेवर सांगते.

चाक रुळाला टेकतं ती जागा
अंगठ्याच्या नखाएवढी.
त्या नखावर अकरा टन मँगनीज,
शिवाय वाघिणीचं स्वतःचं ओझं,
आणि वळण.

वंगण कडेला लाव, माथ्याला नको,
हे त्याला एकदाच सांगावं लागलं, एकोणीसशे एक्याऐंशीत.
माथ्याला लागलं की चढावर इंजिन
जागच्या जागी चाकं फिरवतं,
मग ड्रायव्हर वाळू सोडतो.
वाळू पकड देते,
देता देता खाते.
ऑक्टोबरात बीचची पानं चिरडून
रुळावर काळी साय धरते, तेव्हाही हेच.
घसरायचं नसेल तर झिजा.
याहून बरं काही असलंच
तर ते बोंदोच्या डब्यात आहे,
लाकडी पट्टीने, बोटभर.

एप्रिलात नवा रूळ आला. निळसर, कोरा.
साहेबांनी फोटो काढले.
पहिल्याच मालगाडीने अशी किंकाळी फोडली
की इझोल्दाच्या कोंबड्या दोन दिवस अंडी घालेनात.
जुन्या चाकांना जुना रूळ पाठ होता,
इतकी वर्षं एकमेकांना खात खात
ती एकमेकांत बसली होती.
ह्या नव्याला कुणाचंच काही माहीत नाही.

बोंदोला किंकाळी ऐकूच आली नाही.
डावा कान केव्हाच गेला, उजवा निघायच्या बेतात.
भरपाईसाठी त्याने तिबिलिसीत खात्याचे उंबरे झिजवले,
म्हणजे झिजवायला गेला,
उंबरे संगमरवरी निघाले.

इझोल्दा हातवारे करत धावत आली,
कानांवर हात, तोंड उघडं.
त्याने वाकून रुळावर तळवा टेकला.
अजून गरम होता. अजून थरथरत होता.
‘बसेल,’ तो म्हणाला, बहिऱ्याच्या चढ्या आवाजात,
‘दोन हिवाळे जाऊ देत.’

मग वहीचं नवं पान उघडलं.
तारीख. वळण क्रमांक. झीज : शून्य.
थोडा वेळ बघत बसला,
आणि शून्य खोडलं.
गाडी एकदा जाऊन आली होती.