राजे आणि बटाटे

मंगळवारी आणि शुक्रवारी मी
फ्राऊ क्रानेपूल यांची चाकाची खुर्ची ढकलते.
टियरगार्टनच्या तोंडाशी पोचलो की
त्या ब्रेक लावायला सांगतात
आणि हातमोजा काढून हवा चाचपतात,
दुकानात कापड चाचपावं तशी.

"इथं राजाची शिकार होती," त्या म्हणतात,
दर वेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं.
"कुंपण होतं. आत हरणं, बाहेर माणसं.
मग एक राजा आला, त्याला शिकारीचा कंटाळा.
त्यानं कुंपण काढून टाकलं.
हरणं गेली, माणसं आली,
सरबत विकणाऱ्यांचे तंबू आले.
असंही होतं, शेन्गुल.
कुणाच्या तरी कंटाळ्यातून चार लोकांचं भलं."

मी मान हलवते. चाक खडीत रुततं.

तळ्यावर एका होडीत नवरा-बायको
वल्ह्यांवरून भांडतायत,
होडी जागच्या जागी गोल फिरतेय.
दूर खांबावर सोनेरी बाई पंख पसरून उभी,
तिच्या पायाशी गाड्यांचा गरगराट.
पाऊस पडून गेला की इथल्या वाटांवर
लाल झिंगे चालत येतात, नांग्या उगारून,
परदेशातून आलेले, कुणाला नको असलेले.
माझे बाबा त्यांना बघून हसायचे.
"आपली माणसं," म्हणायचे.

बाबा रविवारी इथं शेगडी मांडायचे.
वांगी, मिरच्या, कोकराचं मांस,
आणि सगळ्या हिरवळीवर धुराचं निळं पांघरूण.
मग पालिकेनं बंदी घातली.
बाबांनी शेगडी तळघरात ठेवली, अजून तिथंच आहे.

गॅसच्या जुन्या दिव्यांची रांग लागते,
कुठला डब्लिनचा, कुठला कोपनहेगनचा,
प्रत्येकाच्या डोक्यावर आपल्या गावची टोपी.
दोनेक काचा फुटल्यात.
इथं त्यांचा आवाज खाली येतो.

"सेहेचाळीसचा हिवाळा. मी सहा वर्षांची.
आई, मी, एक करवत
आणि धाकट्या भावाची बाबागाडी."
भाऊ गाडीत नव्हता.
त्यापुढं त्या काही सांगत नाहीत, मी विचारत नाही.
"सगळं शहर कापत होतं. नोकरदार, नन, प्राध्यापक.
लाखावर झाडं होती, उरली सातेकशे.
रात्री चुलीत ओलं लाकूड रडायचं,
आणि आम्ही हात शेकायचो."

मग वसंतात वाफे पडले.
कोबी, गाजरं, बटाटे,
नाक उडालेल्या संगमरवरी राजांच्या मधोमध.
आई एका राजाच्या हातावर मोजे वाळत घालायची.
"हात पुढंच होता त्याचा, काहीतरी फर्मावत.
आम्ही त्याला कामाला लावलं."
काही वर्षांनी राजेही जमिनीत पुरले म्हणे,
ज्या मातीतून आम्ही बटाटे काढले,
त्याच मातीत.

आणि एकदा विमानातून रोपं उतरली.
शहराची वाट अडवलेली, आकाश तेवढं मोकळं.
पीठ आलं, कोळसा आला,
आणि दुसऱ्या गावांनी पाठवलेली झाडं,
मुळांना ओलं गोणपाट बांधलेली.
आई म्हणाली, "पोटाला नाही, आणि झाडं पाठवतात!"
पण बघायला गेली. मलाही घेऊन गेली.

एका लिंडनखाली त्या थांबवतात.
पर्समधून उकडलेला बटाटा काढतात,
कागदाच्या पुडीतलं मीठ लावून
अर्धा मला देतात, अर्धा स्वतः खातात.
"हे झाड माझ्याहून लहान," बुंध्याला म्हणतात,
नातवाला दटावावं तसं.

साल खाली पडते. झुडपातून एक ससा येतो,
हुंगतो, नाक मुरडून जातो.

"आम्ही कापलं ते लिंडन होतं की ओक,
मला आठवत नाही गं.
ऊब आठवते."

बोटांना मीठ तसंच.
मी ब्रेक काढते. उताराला खुर्ची
माझ्याआधी निघते.