हा रकाना आवश्यक आहे

कॉलेजातून लिंक आलीय. दहाच मिनिटं लागतील, म्हणे.
नाव गुप्त राहील.
घाटंजीच्या पुढं, आमच्या दवाखान्याच्या ओट्यावर
डावीकडून तिसऱ्या फरशीवर उभं राहिलं
तर नेटवर्कच्या दोन कांड्या येतात.
तिथं उभी राहून भरतेय.

वैद्यकीय शिक्षण का निवडलंत?
समाजसेवा. प्रतिष्ठा. पालकांची इच्छा. स्थिर उत्पन्न. इतर.

समाजसेवा मी आधी तीनदा लिहून झालेय,
एकदा तर बक्षीस मिळालं, स्टीलचा डबा.
प्रतिष्ठा रिसोडच्या स्टँडवर लागली होती, सहा बाय चार,
पासपोर्ट फोटो ताणून गालांचे चौकोन झालेले,
खाली अकरा शुभेच्छुक.
आता ते फ्लेक्स मामाच्या गोठ्याला आडोसा आहे.
चांगलं टिकलंय.
एक बोकड येऊन माझा कान चाटतो.

इतर.
इतरला शंभर अक्षरं दिलीत.

बाबांचं इस्त्रीचं दुकान.
धाबे डॉक्टरांचे ॲप्रन गुरुवारी यायचे,
बाबा कोळसा आणायला गेले की
नऊ वर्षांची मी वरचा उचलून घालायची.
जानेवारी. नुकता इस्त्रीखालून निघालेला.
बाह्या गुडघ्यापर्यंत,
आणि पाठीला कुणीतरी हात लावून उभं असल्यासारखं.

एवढंच.
हे कुणाला सांगायचं?

समाधान, एक ते पाच.
पहिल्या वर्षी विचारलं असतं तर एक.
तेव्हा फॉर्मॅलिननं डोळे चुरचुरायचे
आणि आपलंच शरीर इंग्रजीत पाठ करताना
घसा कुठं ते आठवायचं नाही.
वॉर्डात, पहाटे तीनला, रक्ताच्या पिशवीमागं धावताना
कुणी आकडा विचारला असता तर शिवी दिली असती.
ताकसांडे सिस्टर खांद्यावरून डोकावतात :
"तीन टाका, मॅडम. तीनवाल्याले कोनी काही विचारत नाही."

तेवढ्यात डोमाजी कुमरे.
रोजचेच. बीपीही रोजचंच, एकशे तीस, ऐंशी.
रोज कशाला येता, बाबा?
"तो पट्टा आवळते नं, बरं वाट्टे."
सदऱ्याची बाही वर करून बसलेसुद्धा.
"तू कायले झाली वं डॉक्टर?"

काय झालं कुणास ठाऊक,
सांगून टाकलं मी. कोळसा, गुरुवार, सगळं.
ते हसले नाहीत.
माझ्या ॲप्रनकडं बघत राहिले,
खिशावर शाईचा डाग, चुरगळलेला.
"मंग आता इस्त्री कोन करते?"

कोणी नाही.

फोन हातातच. समाधानाखाली लाल अक्षरं उमटलीत,
हा रकाना आवश्यक आहे.
बाहेर तिसऱ्या फरशीवर कुत्रं येऊन झोपलंय.
मी पट्टा सोडायला जाते
तर डोमाजी दंड काढून घेत नाहीत.
"अजून एकडाव," म्हणतात,
"घाई काय हाय तुले?"